परीकथेचा नवा अवतार आणि घरातील श्रोता

ज्या घरात तीन ते सहा वर्षांचे मूल आहे त्या घरात आज ना उद्या असा प्रसंग उद्भवतोच, की लाल टोपीवाल्या मुलीची, तीन डुकरांची किंवा सिंड्रेलेची एखादी चित्रमालिका पाहण्याचा हट्ट मूल धरून बसते, आणि ती पाहू द्यावी की नाही, दिली तर किती वेळ द्यावी, आणि पाहून झाल्यावर मुलाच्या पदरात काही पडले की केवळ त्याचा वेळ गेला, याचा निवाडा आईबापांना उभ्याउभ्याच करावा लागतो. सरसकट बंदी घालणे किंवा सरसकट मुभा देणे, हे दोन्ही मार्ग सोयीचे आहेत. परंतु दोहोंतही विचार करण्याचे श्रम टाळले जातात. ज्या मालिका परीकथांतील जुन्या पात्रांना नवा वेष देऊन मुलांपुढे आणतात त्यांच्या बाबतीत तर अधिक तारतम्याची गरज आहे, कारण तेथे मुलाच्या हाती केवळ मनोरंजन येत नसून शतकानुशतके तोंडोतोंडी चालत आलेल्या एका वारशाची बदललेली प्रत येत असते. या प्रकारातील एका चांगल्या मालिकेचा दाखला घेऊन, ती मुलांसमवेत कशी पाहावी आणि तिच्यातील कोणत्या युक्त्या मराठी घरात उचलता येतील, हे येथे सांगावयाचे आहे.

ती मालिका म्हणजे ‘सुपर व्हाय!’ अमेरिकेतील पीबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ३ सप्टेंबर २००७ रोजी तिचा आरंभ झाला आणि २०१६ पर्यंत तिचे नवे भाग येत राहिले. तिच्या निर्मात्या अँजेला सँटोमेरो यांनी बालविकासाच्या मानसशास्त्राचा रीतसर अभ्यास केलेला होता आणि त्यापूर्वी ‘ब्लूज क्लूज’ या १९९६ साली सुरू झालेल्या मालिकेच्या निर्मितीत त्यांचा प्रमुख वाटा होता. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या ‘रेडी टू लर्न’ या योजनेतून ‘सुपर व्हाय!’ला द्रव्यसाहाय्य मिळाले होते, आणि त्या साहाय्याचा हेतू स्पष्ट होता: शाळेत जाण्यापूर्वी मुलांच्या ठायी वाचनाची पूर्वतयारी व्हावी. मालिकेच्या रचनेतील प्रत्येक खिळा या एका हेतूने ठोकलेला आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहिल्यास तिचे मर्म हाती लागत नाही.

कथेची मांडणी अशी. परीकथांतील पात्रे ज्या गावात शेजारी-शेजारी राहतात अशा एका कथाग्रामात चार मुले आहेत. वेलावर चढून राक्षसाच्या घरी गेलेल्या जॅकचा धाकटा भाऊ व्हायट, चाकांचे बूट घालून फिरणारी लाल टोपीवाली रेड, वाटाण्याच्या दाण्यामुळे जिला रात्रभर झोप लागली नाही ती राजकन्या, आणि तीन डुकरांपैकी सर्वांत धाकटा. यांपैकी कोणापुढे तरी रोजच्या जीवनातील एखादी अडचण उभी राहते: खेळात कोणी हरू इच्छित नाही, मित्र आपली वस्तू देत नाही, नवे काही करावयाची भीती वाटते. मग ही चौघे आपल्या पुस्तकालयात जमतात, एक पुस्तक निवडतात, आपापली गुप्त शक्ती धारण करतात आणि उडत त्या पुस्तकातच शिरतात. तेथील पात्राची अडचणही त्यांच्याच अडचणीसारखी असते. डुक्कर अक्षरे ओळखतो, रेड आपल्या टोपलीतील शब्दांनी यमके जुळविते, राजकन्या जादूच्या कांडीने शब्दाचे वर्ण जुळवून वस्तू प्रकट करते, आणि अखेरीस व्हायट एखाद्या वाक्यातील एक शब्द बदलून कथेचा प्रवाहच वळवितो. वाटेत सापडलेल्या अक्षरांतून शेवटी एक उत्तरशब्द तयार होतो, आणि तो घेऊन मंडळी आपल्या गावी परततात.

ज्या मूळ कथांवर हे सारे उभे आहे त्यांची हकीकत पालकांना ठाऊक असणे इष्ट आहे, कारण ‘मूळ कथा बिघडवली’ अशी तक्रार करण्यापूर्वी ‘मूळ’ कशाला म्हणावयाचे हे ठरवावे लागते. लाल टोपीवालीची गोष्ट फ्रान्समध्ये शार्ल पेरो याने १६९७ साली छापली, तेव्हा लांडग्याने आजीला खाल्ले, मुलीलाही खाल्ले आणि कथा तेथेच संपली. कोणी सोडवावयास आले नाही. जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१२ साली आपला संग्रह प्रसिद्ध केला तेव्हा त्यांच्या कथेत शिकारी आला, त्याने निजलेल्या लांडग्याचे पोट चिरले आणि आजी व नात दोघी जिवंत बाहेर आल्या. म्हणजे एका शतकाच्या थोड्या अधिक अवधीत त्याच मुलीच्या नशिबी मृत्यूही आला आणि सुटकाही आली. हान्सेल आणि ग्रेटेल या भावंडांना दुष्काळात रानात सोडून देण्याचा बेत प्रथम छापील आवृत्तीत त्यांच्या सख्ख्या आईचा होता. ग्रिम बंधूंनी पुढे तिची सावत्र आई केली. वाटाण्याच्या राजकन्येची कथा डॅनिश लेखक हान्स अँडरसन याने १८३५ साली लिहिली, आणि इंग्लंडमधील तीन डुकरांच्या व जॅकच्या कथांना आज परिचित असलेले रूप जोसेफ जेकब्स याच्या १८९० सालच्या संग्रहाने दिले. सिंड्रेलेशी मिळतीजुळती एक कथा तर चीनमध्ये नवव्या शतकातच लिहिलेली आढळते. प्रत्येक पिढीने आपल्या मुलांकडे पाहून या कथांना हात लावला आहे. चित्रमालिकेने तेच केले, इतकेच.

परंतु एवढ्याने पालकांची जबाबदारी संपत नाही. किंबहुना येथूनच ती सुरू होते. ज्याने मूळ मूर्ती पाहिलीच नाही त्याला तिचे नवे रूप हे ‘नवे’ कसे वाटणार? लांडगा घर पाडतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच लांडग्याशी बोलणी करून प्रश्न सोडविता येतो या कल्पनेतील गंमत कळते. म्हणून माझे पहिले आणि सर्वांत आग्रहाचे सांगणे असे, की मालिकेचा जो भाग मुलाला दाखवावयाचा असेल त्यातील मूळ कथा आदल्या दिवशी, शक्यतो रात्री अंथरुणावर, पुस्तकाशिवाय आणि चित्राशिवाय, केवळ तोंडाने सांगावी. सांगणाऱ्याच्या आवाजावर मुलाच्या मनात जो लांडगा उभा राहतो तो त्याचा स्वतःचा असतो. त्याचा रंग, त्याचे दात, त्याचे घोगरे बोलणे हे सारे मुलाने आपल्याच अनुभवाच्या तिजोरीतून काढलेले असते. एकदा पडद्यावरचा लांडगा डोळ्यांपुढे आला की पुढे कित्येक दिवस मूल त्या चित्राच्या हुकमतीखाली राहते. क्रम उलटा केला तर कल्पनेला स्वतःची निर्मिती करण्याची संधीच मिळत नाही, आणि ही हानी नंतर भरून काढणे कठीण जाते.

येथे एक शंका पालकांच्या मनात येईल, आणि ती अनाठायी नाही. मूळ कथांत क्रौर्य आहे. पोट चिरणे आहे, भट्टीत ढकलणे आहे, अन्नावाचून रानात टाकून देणे आहे. चार वर्षांच्या मुलाला हे सांगावे काय? ‘सुपर व्हाय!’ने आपल्यापुरता या प्रश्नाचा निकाल लावला आहे: तेथे राक्षस, चेटकीण आणि लांडगा यांच्या भीतीची धार बोथट केलेली असते, आणि बहुधा त्यांच्या वागण्यालाही काही कारण असते, जे समजावून घेतले की तंटा मिटतो. जी मालिका तीन वर्षांचे मूलही पाहणार आहे तिने असे करणे योग्यच होय. परंतु ब्रूनो बेटेलहाइम या मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विस्ताराने प्रतिपादन केले आहे, की परीकथेतील भयाचा मुलाला उपयोग असतो. आपल्या मनात आधीच असलेल्या एकटेपणाच्या, टाकले जाण्याच्या आणि खाल्ले जाण्याच्या भीतीला त्यात आकार मिळतो आणि कथेच्या शेवटी तिचा पराभव झालेला दिसतो. बेटेलहाइमचा प्रत्येक निष्कर्ष मान्य करण्याची गरज नाही. तथापि इतके मला मान्य आहे, की भीती मुळीच नसलेली कथा मुलाला धैर्यही देऊ शकत नाही. तेव्हा सांगताना ग्रिम बंधूंचा शिकारी जरूर आणावा, सुटकेचा प्रसंग सावकाश रंगवावा, आणि रक्तपाताचे वर्णन वगळावे. पण लांडग्याला दारात उभे करण्यास कचरू नये. मूल कोणत्या वाक्याला आपल्याला बिलगते याकडे लक्ष असले म्हणजे कोठे थांबावयाचे याची सूचना तेच देते.

आता प्रत्यक्ष पाहण्याविषयी. या मालिकेतील पात्रे वरचेवर प्रेक्षकाकडे वळून प्रश्न विचारतात आणि मग काही क्षण थांबतात. तो विराम सहज पडलेला नाही. ‘ब्लूज क्लूज’मध्ये सँटोमेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो हेतुपुरस्सर योजिला, आणि येथेही त्याच हेतूने कायम ठेवला, की मुलाने पडद्यापुढे मूक न राहता उत्तर द्यावे. परंतु पडदा उत्तर ऐकू शकत नाही. मुलाने चुकीचे अक्षर सांगितले तरी पात्र ‘शाबास’ म्हणून पुढे जाते, आणि मुलाने काहीच सांगितले नाही तरीही तेच होते. म्हणून त्या विरामात शेजारी बसलेल्या माणसाची नितांत आवश्यकता असते. मूल बोलले तर मान डोलवावी, चुकले तर घाई न करता तोच प्रश्न आपल्या शब्दांत पुन्हा विचारावा, आणि गप्प राहिले तर चित्र थांबवून त्याला वेळ द्यावा. यंत्रावर चित्र थांबविण्याची जी सोय आहे तिचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली असे दाखवून दिले, की पुस्तक वाचून दाखविताना आईबापांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ने न संपणारे प्रश्न विचारले आणि मुलाच्या उत्तरात थोडी भर घालून ते त्याला परत ऐकविले, तर लहान मुलांची बोलण्याची भाषा लक्षणीय सुधारते. चित्रमालिका पाहताना हीच रीत अवलंबावी. ‘हा कोण?’ या प्रश्नापेक्षा ‘हा आता काय करील असे तुला वाटते?’ हा प्रश्न विचारावा. ‘पळेल’ असे मूल म्हणाले तर ‘डुक्कर विटांच्या घराकडे धावत पळेल’ असे आपण म्हणावे. एवढ्याशा भरीत विशेषण, विभक्ती आणि क्रियापद ही सारी मुलाला अनायासे ऐकावयास मिळतात.

तोच तो भाग पुनःपुन्हा पाहण्याच्या हट्टाने मोठी माणसे वैतागतात. वैतागू नये. ‘ब्लूज क्लूज’चा एकच भाग सलग पाच दिवस दाखविण्याची प्रथा ती मालिका दाखविणाऱ्या वाहिनीने ठेवली होती, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की पुनरावृत्तीमुळे मुलांचे आकलन वाढते आणि ती पात्रांच्या प्रश्नांना अधिक उत्साहाने उत्तरे देऊ लागतात. नव्या भागाची चटक लावण्यापेक्षा एका भागाची मुदत आठवडाभराची ठेवणे हिताचे आहे. यूट्यूबसारख्या ठिकाणी एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू होतो, तेव्हा ती व्यवस्था बंद करून ठेवण्याची तजवीज आधीच करावी.

वेळेच्या मर्यादेबाबत फार बोलण्याचे कारण नाही. तज्ज्ञ संस्थांचे मत जवळजवळ एकमुखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची कमाल मर्यादा सांगितली आणि त्याहून कमी असल्यास उत्तम असेही म्हटले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली दोन ते पाच वर्षांसाठी तीच मर्यादा घालून, मोठ्यांनी सोबत बसून पाहावे असा सल्ला जोडला. ‘सुपर व्हाय!’चा एक भाग अर्ध्या तासाच्या आत आटोपतो. गतीकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. २०११ साली अमेरिकेत चार वर्षांच्या साठ मुलांवर झालेल्या एका प्रयोगात, अतिशय वेगवान दृश्ये असलेली चित्रमालिका केवळ नऊ मिनिटे पाहिल्यानंतर मुलांची एकाग्रता आणि आत्मनियमन चित्रे काढीत बसलेल्या मुलांपेक्षा तत्काळ कमी पडले. परीकथेवर आधारलेली असली तरी जी मालिका डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दृश्य बदलते ती या वयाला योग्य नाही, असा सरळ नियम करावा.

आता ‘सुपर व्हाय!’मधील ज्या युक्त्या मराठी घरात उपयोगी पडतील त्यांकडे वळतो. येथे पहिली सावधगिरी अशी, की डुकराचा अक्षरांचा खेळ आणि राजकन्येचा वर्ण जुळविण्याचा खेळ हे दोन्ही इंग्रजी लिपीच्या अडचणींतून जन्मले आहेत. त्या लिपीत अक्षराचे नाव एक, उच्चार दुसरा आणि शब्दातील लेखन तिसरेच, अशी अवस्था वारंवार असते, आणि मुलाची पुष्कळ शक्ती तेवढ्यातच खर्ची पडते. देवनागरीत अक्षराचे नाव हाच बहुतांशी त्याचा उच्चार असल्याने आपल्या मुलांची वाट निराळी आहे. आपल्याकडे अडचण मात्रांची आणि जोडाक्षरांची आहे. म्हणून मराठीसाठी रेडच्या यमकांचा खेळ प्रथम घ्यावा: वाट, पाट, खाट, ताट, लाट, घाट, किंवा गाडी, वाडी, माडी, साडी, झाडी. हे शब्द बोलण्यातच घ्यावेत, लिहिण्याची घाई करू नये. आणि मुलाने निरर्थक शब्द जुळविला तर तोही हसतमुखाने स्वीकारावा, कारण ध्वनी ऐकू आला हेच येथे महत्त्वाचे. त्यानंतर मात्रांचा खेळ येतो: दार, दूर, दोर, माळ, मूळ, मेळ. एक मात्रा बदलताच दारापुढचा माणूस दूर जातो आणि हाती दोर येतो, याची मौज पाच वर्षांच्या मुलाला पुरेपूर कळते, आणि बाराखडी पाठ करण्याच्या कंटाळ्याऐवजी बाराखडीची शक्ती त्याच्या प्रत्ययाला येते. आपल्या देशात ब्रिज कोठारी यांनी चित्रपटगीतांखाली त्याच भाषेतील ओळी दाखविण्याचा जो उपक्रम अनेक वर्षे चालविला त्यामागेही हेच तत्त्व होते, की कानावर पडणारा शब्द त्याच क्षणी डोळ्यांना दिसला तर वाचन नकळत वाढते. मराठी बालगीते पाहताना खाली मराठी अक्षरे दाखविण्याची सोय उपलब्ध असेल तर ती अवश्य चालू ठेवावी.

परंतु मालिकेतील सर्वांत मोलाची युक्ती व्हायटची आहे, आणि तिच्यावर मला अधिक रेंगाळावयाचे आहे. पडद्यावर कथेतील एक वाक्य येते, त्यातील एक शब्द उजळतो, आणि त्याच्या जागी घालण्यासाठी तीन शब्द पुढे ठेवले जातात. चुकीचा शब्द घातला की तसेच काही विचित्र घडते आणि मुले खळखळून हसतात. योग्य शब्द घातला की कथा पुढे सरकते. या छोट्या कृतीत वाचनाचे एक गूढ मुलापुढे उघडे होते: जे घडते ते शब्दांमुळे घडते, आणि शब्द बदलला तर घडणेही बदलते. छापील मजकुरापुढे मूल सहसा निमूट असते, जणू तो वरून आलेला हुकूम आहे. येथे त्याला प्रथमच कळते, की तो माणसाने रचलेला आहे आणि आपणही तो रचू शकतो.

हा खेळ मराठीत खेळला तर तो इंग्रजीपेक्षाही अधिक फलदायी ठरतो, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण आपल्या व्याकरणात आहे. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीची कथा प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे, आणि रानातून एकट्या जाणाऱ्या बाईला हिंस्र पशूने अडविणे या दृष्टीने ती लाल टोपीवालीच्या कथेची सख्खी बहीण शोभते. ‘म्हातारीला वाटेत मोठा वाघ भेटला’ हे वाक्य मुलाला सांगावे, आणि ‘वाघ’ काढून ‘वाघीण’ घालावयास सांगावे. केवळ एक शब्द बदलून मराठीत भागत नाही. ‘मोठा’ची ‘मोठी’ होते आणि ‘भेटला’ची ‘भेटली’ होते. ‘कोकरू’ घातले की ‘मोठे कोकरू भेटले’ असे म्हणावे लागते. चार वर्षांचे मूल हे बहुधा न चुकता करते, नियम कोणी न शिकविता करते, आणि आपण ते करतो आहोत हे लक्षात आणून दिले की त्याला आपल्याच भाषेचा अचंबा वाटतो. जेथे चुकते तेथे नियम सांगत बसू नये. बरोबर रूप आपल्या वाक्यात सहज उच्चारावे, तेवढे पुरते. कोकरू भेटल्यावर म्हातारीला भोपळ्याची गरज उरेल काय, हा प्रश्न त्यानंतर विचारून पाहावा. पुढची कथा मूल स्वतः सांगते.

दुसरा खेळ चिमणी-कावळ्याच्या कथेवर. पावसात घर वाहून गेलेला कावळा चिमणीच्या दारी येतो आणि ती पुष्कळ वेळ दार उघडीत नाही. ‘चिमणीने दार उशिरा उघडले’ या वाक्यात ‘उशिरा’च्या जागी ‘लगेच’ घालावे. कावळा आत येतो, कोरडा होतो, आणि कथा दोन वाक्यांत संपते. बहुतेक मुले यावर प्रथम आनंदतात आणि मग विचारतात, ‘मग गोष्ट कुठे गेली?’ या प्रश्नाचे स्वागत करावे. विलंब नसेल, अडथळा नसेल, कोणाचे थोडे चुकणे नसेल, तर कथाच उरत नाही, हे मुलाने स्वतः शोधलेले साहित्यशास्त्र आहे, आणि अनेक प्रौढांनाही ते इतक्या स्वच्छपणे सांगता येत नाही.

याच ठिकाणी मालिकेचा जो दोष मला जाणवतो तो सांगणे कर्तव्य आहे. तिच्यात प्रत्येक कथा ही एका प्रश्नाचे उत्तर म्हणून उघडली जाते. मित्राशी भांडण झाले, पुस्तक उघडा. भीती वाटते, पुस्तक उघडा. आणि अखेरीस अक्षरे जुळून उत्तराचा शब्द तयार होतो. शालोम फिश या अभ्यासकाने २००० साली मांडलेल्या उपपत्तीनुसार, शिकविण्याचा आशय कथेत जितका मुरलेला असेल तितका तो लहान मुलाला अधिक पेलतो, आणि कथेच्या बाहेर लोंबत राहिला तर कथाही निसटते आणि आशयही निसटतो. त्या कसोटीवर ही मालिका उत्तम उतरते, कारण अक्षरे जुळविल्याखेरीज तिची कथा पुढेच जात नाही. परंतु या यशाची किंमत म्हणून कथा हे एक उपकरण होऊन बसते. सिंड्रेलेच्या कथेतून उत्तराचा एक शब्द काढून घेतला म्हणजे सिंड्रेला संपली, असे मुलाला वाटू नये. राखेत बसलेल्या मुलीविषयी वाटणारी कणव, बारा वाजण्याची धास्ती, काचेच्या बुटाचा लखलखाट, हे कशाचेही उत्तर नाही आणि तरीही कथेचा प्राण तेच आहे. म्हणून मालिका पाहून झाल्यावर ‘यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न पालकांनी विचारू नये. मालिकेने तो पुरेसा विचारलेला असतो. त्याऐवजी ‘तुला कोणता भाग पुन्हा ऐकावासा वाटतो?’ असे विचारावे, आणि मूल जो भाग सांगेल तो पुन्हा सांगावा. मुलाने काहीच सांगितले नाही तरी चालेल.

या प्रकारच्या इतर मालिकांविषयी थोडेसे. एचबीओवर १९९५ साली सुरू झालेल्या ‘हॅपिली एव्हर आफ्टर’ या मालिकेने युरोपीय परीकथा निरनिराळ्या वंशांच्या आणि संस्कृतींच्या पार्श्वभूमीवर मांडल्या, आणि ज्या मुलांना परीकथेतील राजकन्या नेहमी आपल्यापेक्षा वेगळ्या वर्णाची दिसत असे त्यांना आपला चेहरा तेथे आढळावा अशी तजवीज केली. ती थोड्या मोठ्या मुलांना दाखवावी. डिस्ने ज्युनियरवर २०१५ साली आलेल्या ‘गोल्डी अँड बेअर’मध्ये सोनेरी केसांची मुलगी आणि ज्याची पेज तिने खाऊन टाकली ते अस्वलाचे पिल्लू हे मित्र झालेले दिसतात, भांडणानंतरची मैत्री हा तिचा विषय आहे, वाचन हा नव्हे. आपल्या घरी काय हवे ते ठरवून निवड करावी.

अमेरिकेत किंवा अन्यत्र परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे प्रश्न अधिक नाजूक असतो. तेथे मुलाला इंग्रजी अक्षरे शाळा, शेजार आणि पडदा हे तिघे मिळून शिकवितात. मराठीसाठी घर आणि महाराष्ट्र मंडळांनी चालविलेल्या आठवड्याच्या मराठी शाळा एवढेच आधार असतात. अशा घरी मालिका इंग्रजीत पाहिली तरी विरामांतील संभाषण मराठीतच ठेवावे. पडद्यावरील लांडग्याने इंग्रजीत घर पाडावे आणि आपण मराठीत विचारावे, की आता डुक्कर कोठे जाईल. मुलाने इंग्रजीत उत्तर दिले तर रागावू नये; तेच उत्तर मराठीत, थोडी भर घालून, त्याला परत द्यावे. आजी-आजोबांना दूरध्वनीच्या चित्रावरून मूळ कथा सांगावयास सांगितले, तर हा क्रम आणखी सोपा होतो, आणि कथा सांगणाऱ्यांनाही आपले काम आहे याचा आनंद मिळतो.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे जे कार्य आरंभिले आणि जे पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर वाढले, त्यात महागड्या साधनांवाचून, बी-बियाणे, शिंपले आणि पाने यांच्या साहाय्याने आणि गाणी-गोष्टींच्या संगतीने आदिवासी मुलांना शिक्षण मिळत असे. त्यांच्यापाशी पडदा नव्हता. मुलाकडे लक्ष देणारा माणूस होता. आज आपल्याकडे दोन्ही असू शकतात. तेव्हा वाचकांना माझी विनंती अशी, की मूल सहा वर्षांचे होऊन ही मालिका त्याला बाळबोध वाटू लागली, म्हणजे तिला निरोप द्यावा, एक कोरी वही आणावी, आणि तिच्यात मुलाने स्वतः बदललेली म्हातारीची, चिमणीची किंवा लांडग्याची कथा, त्याच्याच शब्दांत, चुका दुरुस्त न करता, त्याला लिहू द्यावी. लिहिता येत नसेल तर तो सांगेल तशी आपण लिहून घ्यावी आणि त्याच रात्री त्याला ती वाचून दाखवावी.